तेलाचं अंग

१

नंदाबाईच्या पायांवर पडून रडलं नाही असं लेकरू बोरी अरबात शोधून सापडलं नसतं. गावाला लागून असलेल्या तांड्यात तिचं घर, आणि तीस वर्षं ती घरोघर जाऊन बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालत होती. आजचा सरपंचही तिच्या पायांवर पालथा पडून बोंबललेला होता. तो फार ऐटीत बोलायला लागला की ती चारचौघांत त्याला तेवढं ऐकवायची आणि तो गप्प व्हायचा.

तिचं काम ठरलेलं होतं. मोरीत पाटावर बसायचं, साडी गुडघ्यांवर खोचायची, पाय समोर लांब सोडायचे आणि लेकरू नडग्यांवर पालथं घ्यायचं. आधी तेल, मानेपासून टाचेपर्यंत. मग डाळीचं पीठ. मग सोसवेल इतकं कढत पाणी, तांब्या-तांब्यानं. ऊन पाण्यानं लेकराच्या पायाची बोटं आधी आखडतात, मग एकेक करून सुटतात. ती सुटली की समजायचं, झालं. शेवटचा तांब्या ओतताना ती म्हणायची, "झालं माय माझी. उद्या येतो." मुलगा असो नाहीतर मुलगी, तिला सगळी मायच. सव्वा महिना रोज हेच. फक्त शेवटच्या दिवशी वेगळं म्हणायचं, "न्हानं सरलं माय, सुखी राय." ते वाक्य अधल्यामधल्या दिवशी तोंडातून काढायचं नाही, तो अपशकुन.

सासूनं हे काम शिकवलं तेव्हा एकच नेम बजावला होता. "तेलाचं अंग तसंच ठेवू नये वो. ज्यानं तेल लावलं, त्यानंच पानी घालावं."

आता तिच्या स्वतःच्या घरी न्हाणं आलं होतं. तिची राखी, लग्नाला नऊ वर्षं झालेली, घाटंजीला दिलेली, दारव्ह्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. मुलगी झाली. पोट फाडून काढली, पण दोघी धडधाकट. नाळ पडेपर्यंत पाणी घालू नका असं डॉक्टरनं सांगितलं होतं, म्हणून लेकराला अजून नुसतं पुसत होते. शनिवारी राखी माहेरी येणार आणि रविवारी नंदाबाई नातीला पहिलं पाणी घालणार. गावची शेकडो लेकरं न्हाऊ घातली, पण या एकासाठी तिचे हात नऊ वर्षं शिवशिवत होते. तिनं मोरी दोनदा घासून काढली आणि धरमसिंगला, म्हणजे नवऱ्याला, तिथं पाय ठेवायचीसुद्धा बंदी केली.

२

त्याच आठवड्यात, सोमवारी, ठाण्याहून रूबेन चेऊलकर नावाचे एक म्हातारे गृहस्थ आले. ज्यू होते ते, कोकणातल्या बेने इस्राएलांपैकी. नोकरीतून मोकळे झाल्यापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: कुठं कुठं विखुरलेल्या आपल्या लोकांच्या कबरी शोधायच्या, साफ करायच्या, नावं उतरवून घ्यायची. बोरी अरबच्या बाहेर, बंद पडलेल्या जिनिंगच्या मागं, तशा पाच कबरी होत्या. नावं वाचता आली तर पंचायत कुंपण घालून देणार होती. नाही आली तर ती जागा खताच्या गोदामाला जायची होती.

नावं वाचता येणार कुठून? दगडच दिसत नव्हता.

गावात त्या जागेला शनवार तेल्याची जागा म्हणत, आणि दर शनिवारी कोणी ना कोणी तिथं तेल ओतत असे. नवसाचं तेल, साडेसातीचं तेल, म्हशीनं दूध चोरलं म्हणून तेल. शेजारच्या कपाशीच्या वावराचा मालक किसनराव तर एक शनिवार चुकवायचा नाही.

रूबेनसाहेबांनी हे ऐकून कपाळावर हात मारला. "अहो, कोकणात आमचे लोक तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून आम्हाला शनवार तेली म्हणत. आम्ही तेल काढणारे! आमच्या अंगावर तेल घालायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तेल्याच्या जागेवर तेल नाई तं काय ताक घालावं?" किसनराव म्हणाला. "आमचा बुढा घालत होता, त्याचा बुढा घालत होता. बंद करू नका म्हने. काहून, ते काई त्यानं सांगतलं नाई."

पाच लांबट ढिगारे होते ते. तेल, शेंदूर, धूळ, काजळी, पुन्हा तेल, असे चार-चार बोटं जाड थर. त्यात लिंबं बुजलेली, अर्ध्या जळालेल्या वाती रुतलेल्या, मुंगळ्यांच्या रांगा चिकटून तशाच मेलेल्या. वास नंदाबाईला वीस पावलांवरूनच आला. तिचं नाक तेलाच्या बाबतीत सोनाराच्या तराजूसारखं होतं. आधी तळणाचं विटलेलं तेल, त्यामागं भिजून कुबट झालेली गोधडी, आणि सगळ्यांच्या खाली एक गोडसर वास, बाळंतिणीच्या धुवायच्या राहिलेल्या पातळाला येतो तो. ती बाजूला जाऊन कोरडं ओकली.

तरी काम तिच्याच गळ्यात पडलं. कापूस वेचणीचे दिवस होते, बाया सगळ्या वावरात. आणि सरपंचानं जुना सूड उगवला. "तेल काढावं तं नंदाबाईनं," तो म्हणाला. "मले सोलून काढत होती ना, दगडाची काय बात आहे!"

सगळे हसले. नंदाबाईला नाही म्हणता आलं असतं, पण तिचं मन तिला खात होतं. मागच्या वर्षी, राखीला दिवस जात नव्हते तेव्हा, किसनरावच्या बायकोच्या सांगण्यावरून तिनंही इथं पाच शनिवार तेल घातलं होतं. शेवटच्या दगडाला, तो बाईचा आहे म्हणत त्याला. इतर लोक तेल नुसतं ओतून हात जोडत. तिच्या हातांना ते जमलं नाही. हातांनी आपल्या सवयीनं तेल चोळलं होतं, वरपासून खालपर्यंत, जिरेपर्यंत.

३

रूबेनसाहेबांनी तारेचा ब्रश आणू दिला नाही. अक्षरं झिजतात म्हणाले. मग बांबूची कामटी, गरम पाणी, रिठ्याचं पाणी, आणि तेल ओढून घ्यायला ज्वारीच्या पिठाचा लेप. लेकरांच्या टाळूवरचं खपल्यांचं तेल काढायला ती जो लेप वापरायची, तोच इथं चालला.

थर निघायचा तो वडीसारखा. कामटी खाली घातली की चर्र आवाज करत एक तुकडा सुटायचा, आणि त्याच्या पोटात काय काय असायचं. कोणाच्या तरी जावळाचे केस. उंदराचं एक अख्खं पिल्लू, तेलात मुरलेलं, कातडी पारदर्शक झालेलं. एका थरात नखं निघाली, मूठभर, कापलेली. पुढं तिनं पाहणंच सोडलं, नुसतं टोपल्यात टाकत गेली. टोपलं उन्हात तापलं की त्यातून पिवळा पाझर सुटायचा आणि माश्या त्यावर बसून उठायच्याच नाहीत.

पण नावं निघाली, हे मात्र खरं. पहिला दगड जिनिंगच्या इंजिन ड्रायव्हरचा. दुसरा आणि तिसरा भावाभावांचे. चौथा दोन वर्षांच्या पोराचा, त्यावर खाली मराठीत "आईचा लाडका" एवढंच. रूबेनसाहेब प्रत्येक नाव मोठ्यानं वाचत, फोटो काढत, आणि आपल्या प्रार्थनेच्या भाषेत काहीतरी पुटपुटत. एकदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नंदाबाईला त्या माणसाची माया वाटली. असे विसरलेले पाहुणे शोधत हिंडणं सोपं काम नव्हे.

बुधवारी दुपारी ती पाचव्या दगडाशी बसली. मार्गशीर्षाची थंडी होती, बाकीच्या चार दगडांवरचे थर गोठून डांबर झालेले निघाले होते. या थरात कामटी घातली तर ती सरळ आत गेली. थर मऊ होता. तिनं तळवा टेकवला. दगड कोमट होता.

ऊन लागलं असेल, ती मनाशी म्हणाली. पण पाचव्या दगडावर तर बोरीच्या झाडाची सावली होती, सकाळपासून.

तिनं हात उचलला तेव्हा बोटांवरून तेलाचा थेंब घरंगळला. ताजं, पिवळं, वाहतं तेल.

"किसनराव, तुम्ही चोरून तेल घालून राह्यले काय?" तिनं वावराच्या बांधापलीकडं ओरडून विचारलं.

"कोनाचीही शपथ घालून घे," किसनराव म्हणाला. "साहेबांनं मना केलं तवापासून थेंब नाई घातला. दगड जुनं तेल ओकत असन."

ओकत असेल. तेही पटण्यासारखं होतं. इतकी वर्षं पाजलं तर दगडही ओकेल.

४

वास हातांना लागला. साबणानं जाईना, राखेनं जाईना, लिंबानं जाईना. भाकरी थापली तर पिठाला तो. चहाचा कप तोंडाशी नेला तर वर बारीक गोल तवंग. तिनं कप मोरीत ओतला आणि धरमसिंगसमोर दोन्ही हात धरले.

"घ्या. सांगा."

त्यानं हुंगलं. "मले तं काईच येत नाई. तुले वाटते."

"तुमचं नाक तं बिडीनं मेलं," ती म्हणाली, आणि पुन्हा हात धुवायला गेली.

त्याचं खरं असेल असं तिला गुरुवारी सकाळपर्यंत वाटत होतं. गुरुवारी ती बेबीताईकडं गेली. बेबीताईची सून सलोनी बाळंतीण होती, लेकरू वीस दिवसांचं. नंदाबाईनं लेकराला पायांवर घेतलं, तेल लावलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"मावशी, थांबा," सलोनी दारातून म्हणाली. तिनं पदर नाकाला लावला होता. "काय सडल्यावानी येऊन राह्यलं?"

नंदाबाईनं खाली पाहिलं. लेकराच्या पाठीवर तिच्या तळव्याचा ठसा उमटला होता. पाची बोटं, काळपट, चिकट. तिनं डाळीचं पीठ लावलं, पाणी घातलं, घासलं. लेकरू किंचाळून निळं पडलं तरी ठसा पुरता गेला नाही.

बेबीताईनं नातू उचलून घेतला. वाईट बोलली नाही ती, तेवढी मोठ्या मनाची होती. "नंदे, ते काम होईस्तोवर नको येऊ," एवढंच म्हणाली. मग नातवाच्या पाठीवरून पदर फिरवत, "आन राखीच्या पोरीलेही हात नको लावू बापा. नऊ वर्षांनं झालं लेकरू."

नंदाबाई घरी येईपर्यंत रडली नाही. घरी आल्यावर चुलीतली गरम राख घेऊन हात सालटं निघेपर्यंत घासले. नातीचं न्हाणं तीन दिवसांवर आलं होतं, आणि तिच्या हातांची तिला स्वतःलाच किळस येत होती.

५

शुक्रवारी पाचव्या दगडाची अक्षरं वर आली. रूबेनसाहेब गुडघ्यांवर बसून बोटानं एकेक ओळ वाचत गेले. वर त्यांच्या भाषेत दोन ओळी, खाली मराठी.

"सारा कोम दानिएल. कोम म्हणजे अमक्याची बायको. मयत झाली पटकीच्या साथीत, सन एकोणीसशे एकतीस." मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढची ओळ दोनदा वाचली. "हिला न्हाणावयास आपली बायको मिळाली नाही."

"म्हनजे?"

"म्हणजे आपल्यातली बाई मिळाली नाही. आमच्यात मयताला न्हाऊ घातल्याशिवाय पुरत नाहीत, नंदाबाई. पुरुषाला पुरुष न्हाणतात, बाईला बायका. इथं त्या वेळी चारच घरं. साथीत बाई उरली नसेल दुसरी." ते उठले, गुडघ्यांवरची धूळ झटकत राहिले. "तशीच ठेवली बिचारी. आणि नवऱ्यानं ते दगडावर लिहून ठेवलं. असं कोणी लिहीत नाही हो."

नंदाबाईच्या डोक्यात एकच हिशेब बसत होता. पाणी एकदाही नाही. आणि तेल? तेल तर पिढ्यान्‌पिढ्या, दर शनिवारी. तेल लावून, चोळून, पाण्यावाचून तसंच ठेवलेलं अंग. सगळ्या गावानं लावलं, पण जिरवलं तिनं.

"आता काय करान, साहेब?"

"फोटो मिळाले. सोमवारी पंचायतीत देतो, कुंपण होईल," ते म्हणाले. "उद्या मात्र मी यवतमाळलाच. शनिवार, आमचा शब्बाथ. उद्या कामाला हात लावायचा नाही."

६

शनिवारी सकाळी ती एकटी गेली. चोरून नाही. चांगलं नऊचं ऊन होतं, किसनरावच्या वावरात दहा-बारा बाया कापूस वेचत होत्या आणि त्यांच्या गप्पा जिनिंगच्या भिंतीपर्यंत ऐकू येत होत्या. कोणाची तरी सून पळाल्याचा विषय रंगला होता. नंदाबाईनं तीन विटांवर पाणी तापवलं, डाळीचं पीठ कालवलं, रिठा फेसला. दुपारी राखी यायची होती. न्हाऊ घालून मोकळी होतो, ती मनाशी म्हणाली. दगड तर दगड. पाणी पडलं की माझं देणं फिटलं.

रात्रीतून दगडावर पुन्हा तेल सुटलं होतं. तिनं नाक बंद करून तोंडानं श्वास घेतला, तर जिभेवर चव आली, आणि ते वासाहून वाईट होतं. दगडाच्या डोक्याशी एक बसकी वीट होती, तिच्यावर ती सवयीनं बसली. सवयीनंच साडी गुडघ्यांवर खोचली आणि पाय दगडावर लांब सोडले. पुढं वाकून तिनं पीठ लावायला सुरुवात केली.

हात आपलं काम करत गेले. इथं मान. इथं खांदे. मग मधोमध खाली, एकेक मणका बोटाखाली मोजत. अक्षरं आहेत, ती म्हणाली. खोदलेली अक्षरं लागतात बोटांना. पण अक्षरं तर वरच्या अर्ध्या भागातच होती, आणि बोटांखालचे उंचवटे खालपर्यंत चालले होते.

तिनं पहिला तांब्या ओतला. पाणी काळं होऊन वाहिलं. दुसरा ओतून तळव्यानं रगडलं, आणि मळ सुटायला लागला. वड्या नव्हेत, तुकडे नव्हेत. वळ्या. बारीक, करड्या, ओलसर वळ्या, तळव्याखाली गोळा होणाऱ्या. तीस वर्षं तिनं त्या काढल्या होत्या. दगडाला मळ बसतो, शेवाळ बसतं, पण अशी वळी अंगाचीच निघते.

तिला उठावंसं वाटलं, आणि उठता येईना. तिच्या नडग्यांवर भार पडला होता.

लेकराचा भार ती जाणत होती, अडीच किलो, तीन किलो. हा तसा नव्हता. हा गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत भरून वर उरत होता. थंड नव्हता. तेलानं निसटता, आणि अगदी निश्चिंत. न्हाणाऱ्या बाईच्या पायांवर पडलं की लेकरू अंग सैल सोडतं, तसा सैल सोडलेला.

पलीकडं बाया हसल्या. "सासूचंच चुकलं वो!" कोणीतरी म्हणालं.

नंदाबाईनं मान वर धरली आणि नजर बोरीच्या झाडावर लावली. हात मात्र थांबले नाहीत. अर्धं न्हाणं कधी सोडलं नव्हतं, ते आताही सोडवेना. पाणी, रगड, पाणी. वळ्या तिच्या बोटांच्या बेचक्यांत साचत होत्या आणि ती त्या न पाहता झटकत होती. शेवटच्या तांब्याला मात्र नजर खाली गेली, सवयीनं, बोटं सुटली का बघायला.

एवढंच दिसलं. तिच्या पावलांच्या पलीकडं एक टाच, भेगांत काळं तेल मुरलेली, पाण्यात राहून सुरकुतलेली. आणि पायाची आखडलेली बोटं, जी एकेक करून सुटली.

"झालं माय माझी," नंदाबाईच्या तोंडून निघालं. "उद्या येतो."

भार उतरला. समोर ओला दगड होता, स्वच्छ, करडा, आणि त्यावर अक्षरं इतकी ठळक की आंधळ्यालाही वाचता यावीत.

७

घरी पोचेपर्यंत वास गेला होता. हात हुंगले, पदर हुंगला, मग खात्री करायला धरमसिंगच्या नाकाशी बोटं नेली. तो म्हणाला, मी तं आंधीपासूनच सांगून राह्यलो. त्या दिवशी तिला त्याचंही कौतुक वाटलं. दगडाशी जे दिसलं ते उपाशीपोटी वाकल्यानं दिसलं, असं तिनं ठरवून टाकलं. बाईमाणसाला चक्कर येते.

दुपारी राखी आली. नात पाहून नंदाबाईनं गल्ली गोळा केली. रात्री तिला कुशीत घेऊन हुंगलं तर नुसता दुधाचा वास, आपल्या लेकराचा. इतकं सुख तिला झेपेना, ती हसत हसत रडली.

रविवारी सकाळी घंगाळात पाणी काढलं. पितळी वाटीत ताजं तेल कोमट केलं. पाटावर बसली, साडी खोचली, पाय लांब सोडले. मोरीची लहान खिडकी उघडी होती, उजेड पाण्यावर पडला होता. राखी दारात उभी राहून लेकराचं अंगडं सोडत होती.

"आन माय माझी," नंदाबाई म्हणाली, आणि हात पुढं केले.

तेव्हा तिला वास आला. तळण, गोधडी, आणि खाली तो गोडसर. हातांना नव्हता. समोरून येत होता. पाठोपाठ नडग्यांवर भार आला, गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत, आणि पुढं उरलेला. तिनं पायांकडं पाहिलं नाही. तिनं काल काय म्हटलं होतं ते तिला आठवलं. उद्या येतो म्हणालेली बाई आली नाही तर बाळंतीण वाट पाहते, आणि मग निरोप धाडते.

"याडी, घे नं तिले," राखी आईला म्हणाली. "पानी थंडं होते."

"नको देऊ."

"काहून? काय झालं?"

"थांब बाई," नंदाबाई म्हणाली. ती समोरच्या भिंतीकडं बघत होती. "आंधी हिचं होऊ दे."

राखीनं तिच्या पायांकडं पाहिलं. रिकामे पाय, नुसते. पण नडग्यांवर तेल चमकत होतं, ओघळून मोरीत उतरत होतं, आणि वाटीतल्या तेलाला तर अजून कोणी शिवलंही नव्हतं. राखीनं लेकराला छातीशी घट्ट धरलं आणि एक पाऊल मागं घेतलं.

नंदाबाईनं डाळीचं पीठ घेतलं. मान, खांदे, मणके. मग नातीसाठी काढलेलं पाणी, तांब्या-तांब्यानं. मनात तिनं पक्कं केलं होतं, या वेळी शेवटचं वाक्य म्हणायचं. सव्वा महिना नाही झाला तर नाही झाला, अपशकुन लागला तर लागला. न्हानं सरलं माय, सुखी राय. ती मनात घोकत राहिली. घंगाळाचा तळ दिसला, तिनं शेवटचा तांब्या भरला, दोन्ही ओठ दातांखाली धरले, आणि ओतला. पायापलीकडं बोटं सुटल्याचं तिला न पाहता कळलं.

तिनं तोंड उघडलं.

"झालं माय माझी," ती म्हणाली. "उद्या येतो."